ओली शेजारी उभी राहते

९ जानेवारी

कंपनीचा होकार आला. ‘ओल’ या भुताच्या व्हिडिओ खेळावरची दुसरी कादंबरीही मीच लिहायची. नवऱ्याला त्याच्या चष्म्याच्या दुकानात फोन केला, तर तो कुणाच्या तरी डोळ्यांचा नंबर काढत होता. “वा! रात्री बोलू,” म्हणाला आणि ठेवला. सासूबाईंनी मात्र हातातली कपबशी खाली ठेवून माझे दोन्ही गाल धरले.

पहिली कादंबरी मी खेळाला हातही न लावता लिहिली होती. कंपनीने गोष्ट थोडक्यात लिहून पाठवली आणि मी ती फुगवली. वर्षानुवर्षं बंद असलेलं भलंमोठं स्नानगृह, हिवाळाभर ते सांभाळायला ठेवलेली राखणदार बाई, आणि भिंतींमधून ओल होऊन बाहेर येणारी ती. खेळणारी मुलं तिला लाडाने ‘ओली’ म्हणतात. ओलीने गाठलं की पडदा काळा होतो आणि खेळ संपतो. पुस्तक चांगलं खपलं, पण वाचकांनी माझी सालटी काढली. खेळात निम्मे दरवाजे नुसते रंगवलेले असतात म्हणे, आणि मी त्यातलेच नेमके उघडले होते.

म्हणून या वेळी कंपनीने माझ्यावर एक माणूस बसवलाय. कुठला दरवाजा उघडतो आणि कुठला नाही हे लक्षात ठेवण्याचा त्याला पगार मिळतो. मी त्याचं नाव दरवाजेवाला ठेवलंय.

“मॅडम, या वेळी खेळून लिहा,” तो फोनवर म्हणाला. “आणि राखणदार बाई शेवटी संपली पाहिजे. तिसऱ्या भागात ती नाहीये.”

“कशी संपवू?”

“ते तुम्ही बघा. लोक घाबरले पाहिजेत, एवढंच.”

१२ जानेवारी

खेळाचं यंत्र बैठकीच्या खोलीत लावलं. पडदे ओढले. खेळ चालवायचं ते दोन दांड्यांचं हत्यार हातात घेऊन राखणदार बाईला आत नेलं. ती वळली की खोली वळते आणि खोली वळली की माझं पोट ढवळतं. पहिल्या जिन्यापाशीच मी हात टेकले आणि न्हाणीघराकडे धावले.

परत आले तर सासूबाई माझ्या जागेवर बसलेल्या. “मला काही होत नाही,” म्हणाल्या. “तू सांगशील तिकडे नेते हिला. तू बस लिहीत.”

सासूबाईंचा सगळा जन्म चित्रपटगृहात गेला. हातात बॅटरी घेऊन उशिरा आलेल्यांना अंधारात खुर्ची दाखवायची, हे त्यांचं काम. राखणदार बाईच्याही हातात बॅटरी आहे हे बघून त्या हरखल्या आणि लगेच नाराजही झाल्या. “अगं, ही तोंडावर काय मारते उजेड! खाली धरायचा असतो, पायांपाशी.” कुठलं बटण दाबून केलं कोण जाणे, पण त्यांनी बॅटरी खाली वळवली.

खेळता खेळता सांगत होत्या, की त्यांनी शेकडो सिनेमे पाहिले पण शेवट एकाचाही नाही. शेवट जवळ आला की बाहेर जाण्याचे दरवाजे उघडायला जावं लागायचं. “आतून नुसता आवाज यायचा. कुणी रडतंय, कुणी हसतंय. तुझ्या पुस्तकाचा शेवट मला आधी वाचून दाखव हं.”

कबूल केलं. हावरटपणा म्हणावा तर हा असला.

१६ जानेवारी

आज ओली आली. आधी पाण्याचे थेंब ऐकू आले. मला वाटलं आपलाच नळ गळतोय, म्हणून मी उठून स्वयंपाकघरात जाऊन आले. नळ कोरडा होता. मग ओल्या पावलांचा आवाज. हिरव्या फरशांच्या त्या लांब बोळात, टोकाला, केस गळ्यापर्यंत चिकटलेली ती. मी ओरडले, “आई, पळा!”

सासूबाई पळाल्या नाहीत. बॅटरीचा उजेड पायांशी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. ओली आली, राखणदार बाईच्या अगदी शेजारी उभी राहिली. तिचा श्वास ऐकू येत होता. खोलीभर तोच आवाज, बाहेर धुकं, आणि दुपार असूनही आपण पाण्याखाली बसलोय असं मला वाटत राहिलं. थोड्या वेळाने ती जशी आली तशी भिंतीत मुरून गेली.

“तुम्ही पळाला का नाहीत?”

“अंधारात पळून कसं चालेल? डोळे सरावेपर्यंत थांबायचं असतं.”

मी हे सगळं टिपून घेतलं. ओली माणसाच्या शेजारी उभी राहते. हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. खेळल्याशिवाय लिहू नये म्हणतात ते खरंच.

२५ जानेवारी

लिखाण भराभर चाललंय. माझी दुपार म्हणजे आता स्नानगृहच झालंय. ओढलेले पडदे, हिरवट उजेड, दोघींच्या मध्ये बिस्किटांचा डबा. परवा डुलकी लागली तर स्वप्नात आपल्याच घरातली वाट संपेना. स्वयंपाकघरातून बैठकीकडे निघालेय आणि फरशा हिरव्या होत चालल्यात, पायांना गार लागतंय. भीती नव्हती वाटत. पुढे कुणीतरी खाली उजेड धरून चाललं होतं, त्याच्यामागे मी आपली चालत होते. जागी झाले तर सासूबाई म्हणाल्या, “झोप अजून. मी आहे हिच्याजवळ.” पडद्यावर ओली उभी होती.

खरं सांगायचं तर त्या खेळात जराही पुढे जात नाहीत. मी तळघर बघायला सांगते, त्या त्याच बोळात जाऊन उभ्या राहतात आणि ओलीची वाट बघतात. हट्टीपणात त्यांचा हात कोण धरणार!

आज त्यांना पुन्हा दातांच्या डॉक्टरकडे नेलं. कवळी सैल झाली आहे म्हणे. नवरा दुकान बंद ठेवून स्वतः घेऊन जातो, मला येऊ देत नाही. “तू लिही,” म्हणतो. किती समजूतदार झालाय अलीकडे! लग्नानंतर इतक्या वर्षांनी का होईना. पण तो डॉक्टर बहुधा अगदीच शिकाऊ असावा. एक कवळी बसवायला किती खेपा!

३ फेब्रुवारी

अर्धी कादंबरी दरवाजेवाल्याला पाठवली. एकही रंगवलेला दरवाजा उघडलेला नाही. जीव भांड्यात पडला.

सासूबाई जेवत नाहीत नीट. मी म्हटलं, कवळी टोचत असेल तर सूप करते. दोन चमचे घेऊन वाटी सरकवली. मग माझं मन राखायला आणखी एक चमचा घेतला.

८ फेब्रुवारी

दरवाजेवाल्याने माझी बिनपाण्याने केली.

“मॅडम, हे काय आहे? तुमची ओली म्हणजे घरी आलेली पाहुणी वाटते! येते काय, उभी राहते काय. चहा तेवढा द्यायचा बाकी ठेवलाय.”

“अहो, ती तशीच वागते.”

“ओली? ती गळा धरते. अख्खी दुनिया तिला बघून पळते.”

“आमच्याकडे नाही पळत.”

तो म्हणाला, खेळात असं काही नाही, मी खेळ बनवणाऱ्यांपैकी आहे, मला विचारा. मीही इरेला पेटले. म्हटलं, बॅटरी खाली धरा आणि हलू नका, मग बोला.

९ फेब्रुवारी

सकाळी त्याचा फोन. आवाज एकदम मऊ. रात्री करून पाहिलं म्हणे. ओली आली, शेजारी उभी राहिली, गेली. त्याने कार्यालयातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. ती धावणाऱ्याच्या मागे धावते, एवढंच तिला शिकवलेलं आहे. न धावणाऱ्याचं काय करायचं हे शिकवायचं राहून गेलं, कारण कुणी थांबेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

“तुमच्या सासूबाईंना हे कसं सुचलं?”

“त्यांना पळायचा कंटाळा आहे,” मी म्हटलं आणि आम्ही दोघं हसलो.

पण त्याचं म्हणणं त्याने सोडलं नाही. भीती हवीच. लोक पैसे मोजतात ते दचकायला. फेब्रुवारीअखेर शेवटचं प्रकरण हवं आणि ते वाचून अंगावर काटा आला पाहिजे. नाहीतर काम दुसऱ्या कुणाला तरी देतील. तसं तो सरळ म्हणाला नाही, पण मला कळलं.

इथेच माझी गाडी अडलीय. ओलीची मला आता भीतीच वाटत नाही. रोज समोर बसणाऱ्या बाईला किती घाबरणार?

१५ फेब्रुवारी

शेवटाचे तीन खर्डे फाडले. राखणदार बाई बुडते, जळते, भिंतीत चिणली जाते. सगळं वाचून सासूबाई मान हलवतात. “बाई मेली, एवढंच कळलं,” म्हणतात. एवढ्या खोचक समीक्षक घरातच असतील असं वाटलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

आज सोनं सापडलं!

दुपारी हरून जाऊन सरळ सासूबाईंनाच विचारलं. त्या पांघरूण घेऊन कोचावर आडव्या होत्या, यंत्र बंद. “आई, पुस्तकासाठी विचारते. तुम्हाला ओलीची अजिबात भीती वाटत नाही?”

“वाटते की.”

“मग उभ्या कशा राहता?”

“वाटते म्हणूनच राहते. सवय नको का व्हायला?”

मी वही उघडली. “कसली भीती? दुखेल याची?”

त्या खिडकीकडे वळल्या. धुक्यात समोरची इमारत दिसतही नव्हती. मग अगदी सावकाश, मला लिहिता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करत बोलल्या. “दुखण्याचं काही नाही. त्याला औषधं असतात. मी आत असेन आणि तुम्ही सगळे बाहेर, दाराशी. मला तुमचे आवाज येतील. हळू बोलत असाल, मला त्रास नको म्हणून. कुणी आत येणार नाही, कारण सगळ्यांना वाटेल की मी झोपलेय. आणि मी जागी असेन.”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. “आई, कमाल आहे! हे मी वापरू?”

“वापर ना,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासाठीच सांगितलं.”

त्यांच्या पायांवर पांघरूण नीट केलं आणि धावत टेबलाशी आले. असं काही सुचायला नशीब लागतं.

२१ फेब्रुवारी

प्रकरण एका बैठकीत झालं. ओली राखणदार बाईला काहीच करत नाही. बाई आजारी पडून आतल्या खोलीत निजलेली आहे. गावातली माणसं तिला न्यायला आलीत, दाराबाहेर उभी आहेत, दबक्या आवाजात बोलताहेत. दरवाजा उघडणारा आहे, कुलूपही नाही. पण झोपलेल्या बाईला उठवायचं कशाला, म्हणून कुणी ढकलतच नाही. ती हाक मारते, पण आवाज निघत नाही. मग पावलं लांब जातात. बस.

पाठवलं. तासाभरात दरवाजेवाल्याचा फोन. “मॅडम, मी आत्ता उठून बायकोला फोन केला. उगाचच. हे कुठून आणलंत?”

म्हटलं, घरातूनच. पुस्तक मार्गी लागलं. संध्याकाळी मी चक्क नाचले.

२२ फेब्रुवारी

लिहू की नको. लिहिते.

कबूल केल्याप्रमाणे काल रात्री शेवट वाचून दाखवला. नवराही लवकर आला होता. सासूबाई कोचावर, तो खुर्चीत, मी दिव्याखाली. मी आवाजात चढउतार करत वाचत होते, मधेच थांबून दोघांकडे बघत होते, वाहवा मिळवायला. पावलं लांब जातात तिथे आले आणि नवरा उठला. खुर्ची मागे पडली तरी त्याला कळलं नाही.

“हे तुला आईने सांगितलं?”

“हो. का रे?”

तो आईकडे बघत होता. “तू हिला सांगितलंस? ठरलं होतं ना आपलं?”

“मी पुस्तकासाठी सांगितलं,” सासूबाई म्हणाल्या.

मग मला कळलं. एकदम, सगळं. सैल झालेली कवळी, बंद ठेवलेलं दुकान, सरकवलेली सुपाची वाटी. दातांचा डॉक्टर कुणीच नव्हता. त्यांच्या पोटात गाठ आहे. डिसेंबरात कळलं होतं. या वयात कापाकापी नको असं त्यांनीच ठरवलं आणि पुस्तकाचा होकार आल्यावर मुलाकडून वचन घेतलं, की हिचं पुस्तक पुरं होईपर्यंत हिला सांगायचं नाही.

मी भांडले. दोघांशी. मला काय लहान मूल समजता, मी काय परकी, मी तुमच्या शेजारी बसून बिस्किटं खात होते! रडत होते आणि ओरडत होते. आणि मनात एकच, की मी वही उघडून बसले होते. त्या मरणाबद्दल बोलत होत्या आणि मी ‘कमाल आहे’ म्हणाले.

सासूबाईंनी मला भांडू दिलं. मी दमल्यावर म्हणाल्या, “छान लिहिलंयस अगं. मला भीती वाटली. फक्त एक कर, तसंच होणार असेल तर मला आधी सांगून ठेव.”

२७ फेब्रुवारी

दरवाजेवाल्याला म्हटलं, शेवट बदलायचाय. कुणीतरी दार ढकलून आत येतं असा करायचाय. तो हादरला. “मॅडम, मग ती वाचेल!”

“वाचणार नाही. एकटी नसेल एवढंच.”

“मग भीती कुठे राहिली?”

सासूबाईंना विचारलं. त्यांनी त्याचीच बाजू घेतली. “पुस्तकातली बाई राहू दे एकटी. लोकांनी दचकायला नको का? वाचून एखादा उठेल आणि दार ढकलेल कुणाचं तरी.” मग डोळे मिचकावले. “आणि तुझे पैसे बुडतील ते वेगळंच.”

शेवट तसाच ठेवला.

६ मार्च

आज मी हत्यार हातात घेतलं. त्या आता बसू शकत नाहीत, म्हणून पलंगच बैठकीत आणलाय. मी खेळते, त्या उशीवरून बघतात. पोट ढवळतं, पण आल्याचा तुकडा तोंडात धरते.

ओली आली आणि मी पळाले. पडदा काळा.

“पळालीस.”

“पळाले.”

“पुन्हा.”

चार वेळा पळाले. दर वेळी ठरवते की थांबायचं आणि बोटं आपोआप पळायचं बटण दाबतात. शेवटी त्यांना हसू आवरेना. हसताना दुखतं म्हणून मला मारायला हात उचलला आणि तोही पुरता उचलला गेला नाही. मी तो धरून गालाला लावला. मला तुमच्याशिवाय जमणार नाही असं स्पष्ट म्हणाले. त्या म्हणाल्या, “ते मला माहीत आहे. तरी जमेल.”

२३ मार्च

यंत्र बंदच आहे. त्यांना आवाज सहन होत नाही. धुकं गेलं, पडदे उघडलेत आणि उन्हात खोली अनोळखी दिसते. नवरा आत येतो, पाय दाबतो, डोळे भरून आले की पाणी आणायच्या निमित्ताने जातो. रिकाम्या हाताने परत येतो. आम्ही कुणी त्याला पाणी मागत नाही.

मीही उठते. खोटं कशाला लिहू? औषध बघते, खिडकी बघते, फोन आल्यासारखं करते. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहते. त्या वेळी आतून काही आवाज येत नाही.

२ एप्रिल

इस्पितळात आणलं. वेदना घरच्या औषधांना ऐकेनात.

११ एप्रिल, दुपार

डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या, आज किंवा उद्या. श्वास मधे थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. परिचारिका हळूच म्हणाली, “त्या झोपल्यात. तुम्ही बाहेर बाकावर बसा, मी हाक मारेन.” नवरा उठला. नातेवाईक बाहेर आहेतच, दबक्या आवाजात बोलताहेत. आत सगळं ऐकू येतं.

मलाही उठायचं होतं. पाय निघालेसुद्धा. पिशवी खांद्याला लावली.

मग म्हटलं, नको, मी इथेच बसते. आणि नवऱ्याला म्हटलं, “तूही बस. रडायचं तर इथे रड.” तो पलंगाच्या त्या बाजूला बसला आणि रडला. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत, पण हाताची बोटं हलली. जाग्याच होत्या.

“पुस्तक?” मी ओठांजवळ कान नेला तेव्हा ऐकू आलं.

“छापायला गेलं.”

“घाबरतील?”

“खूप घाबरतील.”

ओठांचा कोपरा हलला. मला तरी तसं दिसलं.

त्यानंतर बोलल्या नाहीत. मला भीती वाटतेय, इतकी की वही मांडीवर घेऊन एका हाताने लिहीत बसलेय, काहीतरी करत राहावं म्हणून. दुसरा हात त्यांच्या हातात आहे. श्वास आता फार लांब लांब येतोय. त्या आपला मोकळा हात चादरीवर चाचपडताहेत, काही शोधत असल्यासारखा. त्याला धरायला मला हाही हात लागेल. पेन ठेवते.